बॅटरी उतरली त्या रात्री

वेंगुर्ल्यात रेडिओ एकच होता,
नगरपालिकेचा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा,
आणि मांडवीच्या खांबावर त्याचा कर्णा.
बॅटरी वाहायचं काम माझं.
दिवसाआड डोक्यावरून भाताच्या गिरणीत, भरायला.
चुंबळ जाड होती तरी अ‍ॅसिडानं सदऱ्याला भोकं.

साडेसातला दिल्ली बोलायची.
मग मुंबई, कापसाचे भाव,
जे आमच्या सात पिढ्यांना नको होते.
मग खाकरून आरोलकरमास्तर, त्याच कर्ण्यातून.
दहा मिनिटं. फक्त गावाचं.

"ठराव क्रमांक चौदा, पाण्याची टाकी.
वाचायला तीन मिनिटं लागली, मंजूर व्हायला अर्धं.
चुना खर्ची पडला नऊशे मण.
मी सकाळी टाकी बघून आलो.
बोट लावलं. बोटाला वाळू लागली."

एवढंच. आवाज चढवायचे नाहीत.
मासळीवाल्या बायका टोपल्यांवर गोणपाट टाकून थांबायच्या.
कुणीतरी विचारायचं, "मास्तर आज कोणाक सोलतले?"
अध्यक्षांच्या खिडक्या तेवढी दहा मिनिटं बंद,
वैशाखातसुद्धा.

शुक्रवारी म्हणाले, "उद्या नावं सांगतो."

शनिवारी गिरणीच्या दारात एक जण उभा.
चेहरा ओळखीचा, चपला नव्या.
"आज भरू नको रे बस्त्याव.
एक दिवस गाव गप रवलो तर काय बिघडतला?"
हातावर आठ आणे.
मी चौदा वर्षांचा होतो.
हे मी कारण म्हणून सांगत नाही, वय म्हणून सांगतो.

साडेसातला दिल्ली बोलली. मुंबई अर्धी बोलली.
कापसाच्या भावात कर्णा घोगरा झाला,
घशात काटा अडकल्यासारखा,
आणि गेला.
मास्तर रागावले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.
खांद्यावर पंचाची घडी टाकली, त्यावर बॅटरी,
आणि गिरणीच्या पाणंदीत शिरले.
जाताना लोकांना म्हणाले, "बसान रवा, येतंय."
लोक बसले.
नऊपर्यंत बसले.

पंचनाम्यात आहे:
चष्मा एक, काच एकच.
बॅटरी एक, उलटी, भोवतीचं गवत जळालेलं.
पंचा नाही. कागद नाहीत.
रत्नागिरीहून फौजदार आला,
अकरा दिवस डाकबंगल्यात राहिला, सुरमई खाल्ली,
चाळीस जणांना विचारलं.
चाळीसही म्हणाले,
"आमी मांडवीर होतंव, रेडिओकडे."
खोटं नव्हतं.
बंद रेडिओसमोर अख्खं गाव बसलं होतं,
आणि पाणंद तिथून दोन हाकांवर.

मला कुणी विचारलं नाही.
बॅटरीवाहू पोर, त्याला काय विचारायचं.

टाकी तिसऱ्या वर्षी तडकली.
दुरुस्तीचा ठराव बिनविरोध झाला, ठेकेदार तोच.
कर्णा पुन्हा लागला. दिल्ली, मुंबई, कापूस,
आणि मग खरखर. ती ऐकायलाही काही दिवस
बायका थांबायच्या,
टोपलीवर गोणपाट टाकून.

पुढे मी बोटीवर गेलो, एडन पाहिलं, परत आलो.
उभादांड्याच्या इगर्जीत
तीन पाद्रींपुढे गुडघे टेकून झाले.
चोरलेले नारळ सांगितले, बसऱ्यातली बाई सांगितली.
आठ आणे राहिले.
ते कशावर खर्च केले, आठवत नाही.
पाव असतील. भोवरा असेल.

नव्या चपलांवाला म्हातारा होऊन मेला, आपल्या खाटेवर.
मी मयताला गेलो होतो.
खांदाही दिला असता,
पण मी ख्रिस्ताव, कुणी मागितला नाही.
त्याच्या नातवानं मला खुर्ची दिली, चहा दिला,
म्हणाला, "काका, तुमका जुन्या सगळ्या आठावता ना?"

आठवतं.
नाव, बापाचं नाव, आडनाव,
आणि त्या नाण्यावर अंगठा ठेवणारी
त्याची वाकडी करंगळी.

उद्या सांगतो.