चाळीस खुर्च्या

महिन्याचा पहिला रविवार म्हणलं की
छावणीतल्या त्या हॉलवर माझा टेम्पो लागतो.
चाळीस खुर्च्या, दोन टेबलं, एक स्पीकर.
चिठ्ठी डोरीनबाईंची असते. मराठीत.
ऱ्हस्व-दीर्घ माझ्यापेक्षा बरं.
पैठणच्या मागावर कसलासा अभ्यास करायला आल्या होत्या,
सहा महिन्यांसाठी.
त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

तिथं कोण कोण येतं, सांगू?
शेंद्र्याच्या कारखान्यातला फर्गल, आयर्लंडचा,
त्याला इंग्रज म्हणलं की राग येतो.
मनिलाची एक नर्स.
विद्यापीठातली घाना-झांबियाची पोरं,
बेगमपुऱ्यात खोल्या करून राहतात,
घरमालक आधी विचारतात, "शिजवता काय?"
घरची भाषा ज्याची त्याची वेगळी.
इंग्रजी तेवढी सगळ्यांची, एस्टी स्टँडासारखी,
कुठून का आलेलं असंना, उतरायचं तिथंच.

गाणी होतात, कोडी होतात, डिसेंबरात मेणबत्त्या.
जानेवारीत मीच त्यांना करमाडजवळ
मामाच्या शेतावर हुरड्याला नेलं,
फर्गलनं राखेसकट खाल्लं.

पण खरं काम भिंतीवरच्या फळीवर चालतं.
आयुक्तालयात नोंदणीला सोबत कोण जाणार,
कोणता डॉक्टर नीट ऐकून घेतो,
टँकरवाल्याचा नंबर, गॅसचं पुस्तक बुधवारी.
हे मला मुटालेनं वाचून दाखवलं.
तिला मराठी येतं, भाव पाडण्यापुरतं.

मार्चात, मधल्याच एका मंगळवारी फोन आला.
"मगरे, चाळीस खुर्च्या. गोल मांडा."
क्वाबेनाची आई गेली होती, कुमासीकडच्या गावात.
सोमवारपासून परीक्षा, तिकिटाला पैसे नाहीत,
आणि गेलाच, तर परत यायचा कागद कधी मिळेल, कुणाला माहीत.
म्हणून इथंच बसायचं ठरलं.

खुर्च्या चढवल्या.
मग का कोण जाणे, आतल्या खोलीतली
जाड निळी सतरंजी खांद्यावर घेतली,
पुण्यानुमोदनाला देतो ती.
तिचं भाडं लावत नाही मी, बापानं घालून दिलेलं.

पोरगं लाल-काळा सदरा घालून उभं होतं.
म्हणलं, बाई, आमच्यात
दुःखाला खुर्चीवर बसत नाहीत.
त्यांनी ते इंग्रजीत केलं. लांबलचक झालं.
माझ्या चार शब्दांत एवढं काय होतं, कळलं नाही.
फर्गल पहिल्यांदा खाली बसला, गुडघे कडकडले.
मग नर्सबाई. मग सगळे.
क्वाबेना बराच वेळ बोलला,
आईच्या भाषेत, इंग्रजीत नाही.
एस्टी स्टँडावरून तो आत गावात चालत गेला,
बाकीचे तिथंच थांबले, हलले नाहीत.

मी दाराशी, चपला मोजत. सवय.
एकतीस जोड.

बाप गेला तेव्हा प्रल्हाद शारजात होता.
इथं भावसिंगपुऱ्यात गल्ली भरून माणसं.
फोनवर मी त्याला सगळं सांगितलं,
लाकडं किती लागली, कोण कोण आलं, भन्ते कुठून आणले.
तो हां, हां करत राहिला.
त्याच्यापाशी कोण बसलंय,
एवढं विचारायचं राहिलं.
अकरा वर्षं राहिलं.

रात्री डोरीनबाईंनी पाकीट दिलं, चाळीस खुर्च्यांचं.
थप्पी तशीच होती, एकही काढली नव्हती.
मी घेतलं. धंदा आहे.
"सतरंजी राहू द्या," म्हणल्या, "अजून दोन दिवस."

घरी आल्यावर शारजाला फोन लावला.
"प्रल्हाद, बाप गेला तवा तुझ्यापाशी कोण होतं रे?"
"आता? आता कामून विचारायलास?"
मग त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.
"एक सुदानी होता," म्हणला. "नाव… थांब, सांगतो."

आणि ते नाव आठवेपर्यंत
दोघंही फोन धरून बसलो.