शेरा

आजोबांचं अक्षर मोत्यासारखं,
असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आलो.
जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या माळ्यावर
जुन्या शेगडीमागे ती वही सापडली तेव्हा
पहिलं मनात आलं तेही हेच:
काय सुंदर 'ह' काढायचे.

ह हजरचा.
पहाटे गिरणीच्या भोंग्याआधी, दुपारी,
आणि रात्री कंदील लागल्यावर,
तारेच्या आतल्या प्रत्येक माणसापुढे एकेक ह.
लाल शाईने आखलेले रकाने:
नाव, बापाचं नाव, जात, गुन्हा.
गुन्ह्याचा रकाना कोरा,
त्यात फक्त एक बारीक बाण
डावीकडे, जातीकडे वळलेला.
सहाव्या पानावर एक मूल जन्मलं,
सातव्यावर त्याच्यापुढेही बाण.

उलटत उलटत पंधरा ऑगस्टला आले.
सत्तेचाळीसच्या.
सकाळ ह. दुपार ह. रात्र ह.
शेरा: साखर वाटली.
सोळा ऑगस्ट. सकाळ ह.

तार कापायला आपल्याला आणखी
पाच वर्षं सोळा दिवस लागले.
हा आकडा मी वर्गात कधी सांगितला नाही.
तीस वर्षं इतिहास शिकवला.
तीस सालचा मार्शल लॉ शिकवला, चार फाशा शिकवल्या,
मुलांच्या अंगावर काटा यायचा, माझ्याही.
साहेबाचा जुलूम शिकवताना
खडू कधी मोडत नाही.

वही पिशवीत घातली, रिक्षा केली.
सेटलमेंट म्हटल्यावर रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.
'तिकडं कुणाकडं, बाई?'

दुर्पदाबाई दारात शेंगा फोडत होत्या.
रात्रभर जुळवलेलं वाक्य मी बोलले,
आजोबांच्या वतीनं, वगैरे.
त्यांनी टरफलं झटकली.
'वाच म्हटलं की. काय लिवलंय ते.'

वाचू लागले. नाव, ह. नाव, ह.
गल्लीतली दोन पोरं मोबाइल बंद करून जवळ आली.
पिराजी, वय नऊ, ह.
'थांब. तारीख?'
सांगितली.
'पुन्ना वाच.'
वाचली.
'त्या दिशी आमचा पिऱ्या मेला होता की गं.
रातीच तापानं फणफणला, आईनं दवाखान्याचा पास मागितला,
सकाळची हजेरी झाल्याबिगर पास नाय म्हनले.
हजेरी झाली. पोरगं निजलेलंच.
पुढं वाच.'

पुढे अकरा दिवस पिराजी हजर होता.
तीन वेळा. मोत्यासारखा.

त्यांनी बोटांवर मोजलं.
'अकरा दिवसाची ज्वारी.
त्याच्या नावची. ती कुनी खाल्ली?'

मी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं,
म्हणजे पाहिलं नाही, ते तिथून सात किलोमीटरवर आहे,
पण दिसलं.

एक पोरगं म्हणालं, पुढच्या महिन्यात स्मारक होणार आहे,
तारेचा तुकडा काचेत ठेवणार, मंत्री येणार.
दुसरं म्हणालं, परवा तिकडे नव्या पेठेत मंगळसूत्र ओढलं,
तर जीप आधी इथंच आली.
याला उचलला. डिप्लोमा झालाय याचा.
बाण अजून डावीकडेच, आजी.
(मला आजी म्हणाला.)

देश म्हणजे कोण, हे त्या दुपारी
मला नीट सांगता आलं नसतं.
बहुधा ज्याच्या माळ्यावर वही आहे, तो.

'दुरुस्त कर,' दुर्पदाबाई म्हणाल्या.
'आता?'
'मग कवा? तुज्या आज्यानं लिवलं, तूच खोड.'

पेन त्या पोराने दिलं.
अकरा दिवसांचे तेहतीस ह मी एकेक करून खोडले.
माझं अक्षर वाईट आहे, घरात सगळे हसतात.
वर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पिराजी, वय नऊ, मयत. कारण:
आणि तिथं पेन थांबलं.

ऊन उंबऱ्यावर चढलं होतं.
त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं,
पाय लांब केले.
'लिव. सावकाश लिव.
मी हाय हितंच.'