बेदाणा

एसटी स्टँडमागच्या ऑफिसात शमा मुलाणी वकीलबाईंनी
तीनशे बारा पानं यंत्राला दिली
आणि चहा सांगितला.
चहा यायच्या आत
अकरा ओळी आल्या.

मी समोरच्या खुर्चीत. निवृत्त स्टेनो,
तासगाव कोर्ट, एकोणतीस वर्षं.
त्यातली निम्मी पानं माझ्या बोटांची,
‘ळ’ तुटलेल्या मशीनवरची.
प्रत्येक ‘मूळ’, प्रत्येक ‘जवळ’
मी नंतर शाईनं पुरा केलेला.

‘काकू, तेव्हा तुम्ही होता ना कोर्टात?
बघा बरं, काही राहिलंय का.’

सातवी ओळ :
साक्षीदार क्रमांक चार, छबूबाई एडके, राहणार सावळज.
बांध पूर्वीपासून तिथेच असल्याचे सांगते.
उलटतपासात विसंगती नाही.

बरोबर आहे.
माझ्या पानावर एवढंच आहे.
यंत्रानं पदरचं घातलं नाही, पदरात लपवलं नाही.
गाळायचं ते आम्ही आधीच गाळलं होतं.

छबूबाई चपला दाराबाहेर काढून आली होती,
देवळात येतात तशी.
वकिलानं विचारलं, बांध सरकलाय का?
ती बराच वेळ खिडकीकडं बघत राहिली.
पंखा कुरकुरत होता. माझी बोटं अधांतरी.
मग म्हणाली,
‘बांध तितंच हाय सायेब.
आमीच सरकलो.’

साहेबांनी चष्मा पुसला. माझ्याकडं न बघता म्हणाले, घ्या,
बांध पूर्वीपासून तिथेच आहे.
मी घेतलं.
पूर्णविराम दिला.

मग तिनं पाणी मागितलं.
अर्धं प्यायली,
आणि उरलेलं फुलपात्र
बाकावर खोकत बसलेल्या वादीला दिलं,
सख्ख्या दिराला.
त्यानं घेतलं. खाली बघत, पण घेतलं.
ते कुणी विचारलं नव्हतं,
म्हणून ते उत्तर नव्हतं,
म्हणून ते कुठल्याच पानावर नाही.

‘आणखी थोडक्यात पण करतं हे, गंमत बघा.’
अकराच्या पाच झाल्या.
पाचाची एक : दोन भावांत सामाईक बांधावरून वाद.
मी म्हटलं, अजून?
यंत्र म्हणालं : वाद.
आम्ही दोघी हसलो.
चहावर साय धरलेली.

आमच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.
चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा.
शेडच्या जाळीवर पंधरा दिवस वारा लागतो
आणि तीन किलो पाणी कुठं गेलं
ते सौद्यात कुणी विचारत नाही.
गोडी असतेच, उलट जास्त.
टिकतो. बॉक्सात मावतो. लांब जातो.
माझं बेदाण्याशी वैर नाही.
मीही तेच केलं जन्मभर,
हातानं, पगारावर,
सहाव्या आयोगाच्या फरकाची वाट बघत.

फक्त हा पाणी उडून जाताना
कुणाच्या तरी समोरून उडत असतं.
तेव्हा मी समोर होते.

‘मग काकू, बरोबर आहे ना?’
बरोबर आहे, म्हटलं. पेन्सिल दे.
सातव्या ओळीच्या समासात
लघुलेखनातली एक खूण काढली :
एक बाक, पोटात एक टिंब.
हात विसरला नव्हता.

‘हे काय?’
काडी.
कितीही निवडला तरी एखाद्या बेदाण्याला
देठाची काडी राहतेच, दाताखाली येते.
अपिलात तिचा काही उपयोग नाही.

शमानं ती खोडली नाही.
प्रिंट मात्र नवीन काढली.