चोवीसची मोहरी

सोसायटीला पन्नास वर्षं झाली,
शनिवारी गच्चीवर पार्टी.
लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली आहे, तिरकी :
‘थीम – सत्तरचं दशक.
सभासदांनी कृपया त्याच वेशात यावे.’

तिसऱ्या मजल्यावरची ऋजुता बेल वाजवते.
‘काकू, तुमच्याकडे असेलच ना काहीतरी ओरिजिनल?’
जणू दशक म्हणजे लोणचं,
बरणीच्या तळाशी राहिलं असेल थोडं.

मी तिला काढून दाखवते काय होतं ते.
फोटो. टेलिफोन एक्स्चेंज, रात्रपाळी.
बाराजणी ओळीत, कानांवर काळे हेडफोन,
सुती साड्या, खांद्यावर पिन,
चौथी मी.
ती फोटो लांब धरते, जवळ धरते.
‘पण हे रेट्रो नाही वाटत, काकू.’
खरंच नाही वाटत.
आम्ही सत्तरच्या दशकात नव्हतोच गं,
आम्ही मुलुंडला होतो.

मग ती मला फोनवर दशक दाखवते :
बशीएवढे गॉगल, टपोऱ्या ठिपक्यांचे ब्लाउज,
केसांचा घुमट,
डोळ्यांच्या कडेला काजळाचं शेपूट.
आमच्याकडे तिघी बहिणींत एक नायलॉनची साडी होती.
लग्नाला एकीनेच जायचं,
बाकी दोघींना ताप.

तिला मी सांगितलं नाही ते फिलोमिनाचं.

फिलोमिना डिमेलो, चिंबईची, माझ्या शेजारचा बोर्ड.
एकदा कागदी पिशवीतून घेऊन आली
वांगी रंगाची बेलबॉटम.
‘घालून तर बघ, मॅन. खाणार नाही तुला.’
बाथरूमची कडी मोडकी,
ती बाहेरून दाराला पाठ लावून उभी.
जेवणाची सुट्टी अर्धा तास.
आम्ही फाउंटनपर्यंत गेलो,
गाडीवर उभ्याने लिंबूसोडा प्यायलो, परत आलो.
कुणी पाहिलं नाही.
म्हणजे एकाने पाहिलं, पण फिलोमिनाकडे.
मला इतकंच आठवतं
की दोन पायांना वारा वेगवेगळा लागत होता.
माझे पाय दोन आहेत
हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.

परतल्यावर साडी. निऱ्या. हेडफोन.
‘नंबर प्लीज.’
पुढे ती कॅनडाला गेली.
अख्ख्या मुंबईचे ट्रंक कॉल जोडून दिले मी,
तिचा नंबर घ्यायचा राहिला.

हिंदमाताला कापड मिळालं. वांगी नाही,
जांभळ्याच्या अलीकडचं काहीतरी.
टेलर मुस्तकीम, वय सव्वीस.
‘आंटी, पलाझो?’
पलाझो नाही. गुडघ्यापर्यंत घट्ट,
तिथून सुटली पाहिजे. मोहरी चोवीस.
‘चोवीस?’ तो टेप हवेत धरून बघतो.
आणि खालच्या काठाला पितळी चेन लाव,
दात जमिनीकडे.
‘चेन? खाली? उघडणार कुठे ती?’
उघडायची नाही रे. रस्त्याला घासून
कापड विरतं, म्हणून लावायची.
तो वहीत लिहितो : चेन, खाली, उघडत नाही.
कंबर मोजतो, आकडा लिहितो,
वाचून दाखवत नाही.
चांगल्या घरचा मुलगा आहे.

शुक्रवार रात्र. साडेअकरा.
नाडी नको, इलॅस्टिक घाल म्हटलं होतं ते बरं केलं.
ओट्यापासून खिडकीपर्यंत चालून बघते,
खिडकीपासून ओट्यापर्यंत.
डावा गुडघा कुरकुरतो,
फरशीवर चेन कुरकुरते,
दोघांचा ताल जमत नाही.
वळताना कापड घोट्याभोवती एक गिरकी जास्त घेतं,
माझ्यामागून पोचतं.

अजून एक फेरी.

खालचे सबनीस उद्या जिन्यात विचारतील,
रात्री काय ओढत होता हो
एवढ्या उशिरापर्यंत?