घोट्यापाशी

आंघोळ करताना दिसलं.
डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला, हाडाच्या जरा वर,
डंकावरून आणलेल्या मसाल्याची पुडी फुटावी
तशी तांबडी बारीक भुकटी.
पुसली, गेली नाही.
घासणीने घासली. पाय लालबुंद झाला,
ठिपके होते तिथेच.

खाजत नाहीत, दुखत नाहीत, बोटाला लागत नाहीत.
डोळे मिटले तर नाहीतच.

मी रानडे रोडला चपलांच्या दुकानात आहे,
सव्वीस वर्षं.
बसायचं ते गिऱ्हाइकाने.
आपण एकतर उभं, नाहीतर एका गुडघ्यावर.
लोकांची तोंडं मला आठवत नाहीत,
पाय आठवतात.
कुरूप, भेगा, अंगठ्यावर चढून बसलेलं दुसरं बोट,
जोडव्याने पाडलेली पांढरी खाच,
लहानपणी भाजलेलं आणि मोठेपणी लपवलेलं.
पाय बघून आम्ही काही बोलत नाही.
म्हणतो, 'सात नंबर. जरा सैल देतो.'

आता माझ्या पायाकडे बघून सगळे बोलतात.
हेमलता म्हणाली, साबण बदला. बदलला.
मेहुणा म्हणाला, नायलॉनचे मोजे सोडा.
गोदामातल्या सुभानचं मत, कातड्याचा रंग उतरला असेल.
वरच्या पेठेकाकू : पित्त. आमसुलाचं पाणी घ्या.
शेजारच्या मुलीने फोटो काढला, मोठा केला,
एवढा मोठा की तो पाय राहिला नाही,
विमानातून दिसणारा कुठला तरी मुलूख झाला.
मग ती एकदम गप्प झाली
आणि फोन खिशात टाकला.
ती अख्खी रात्र मी जागा.

परळला, हॉस्पिटलच्या त्वचाविभागात,
केसपेपर घडी घालून घालून मऊ झाल्यावर
नंबर लागला.
डॉक्टर, माझ्या भाचीएवढी, खाली वाकली,
काचेची पट्टी घोट्यावर दाबून बघत राहिली.
सव्वीस वर्षांत माझ्या पायाशी वाकलेलं पहिलं माणूस.
मीच ओशाळलो. म्हटलं, राहू द्या.
ती म्हणाली, 'बारीक नळ्यांतून रक्त झिरपतं.'
का?
'कधीकधी का ते कळत नाही.
उभं राहायचं काम आहे का?'

रिपोर्ट आला. सगळे आकडे
आपापल्या मर्यादेत बसलेले.
त्यांना तरी बसायला मिळालेलं.

काही नाही निघालं, याचा आनंद व्हायला हवा.
झालाही. पेढे नाही, पण जिलबी आणली.
फक्त रोज सकाळी मोरीत
हे 'काही नाही' दोन ठिपक्यांनी वाढलेलं असतं,
गंजाच्या रंगाचं.

गेल्या बुधवारी दुपारी ट्रॅफिकची बाई आली.
छातीवरच्या पट्टीवर नलावडे.
काळे बूट, पाच नंबर, टाचेला मऊ.
मोजा उतरवता उतरवता थांबली.
हे थांबणं मला ओळखू येतं.
मी मान वळवून खोक्यातला कागद
उगाच चुरगाळत बसलो.
मग पाहिलं.
दोन्ही घोटे, कुणी गंजाचं पाणी शिंपडल्यासारखे.
'ॲलर्जी आहे,' ती म्हणाली, मी विचारलंही नव्हतं.

नंबर सांगायचा होता, तो आठवेना.
पँटचा काठ उचलला, मोजा खाली सरकवला
आणि पाय तिच्या पायाशेजारी ठेवला.

'तुम्हाला काय सांगितलं?'
'काही नाही.'
'मला पण.'

बाहेर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून विसरला होता.
तिने सवयीने तिकडे पाहिलं, उठली नाही.
बाजूची गादी थोपटून म्हणाली, 'बसा की.'
मालक जेवायला गेले होते.
बसलो.
रोज सकाळी मी ही गादी झटकतो;
बसलं की इतकी आत जाते, माहीत नव्हतं.

पाच नंबर तिला झाला नाही.
दुपारनंतर पाय फुगतात.
साडेपाच काढायला उठलो.