बिल्ड चालू आहे

महाप्याला, रबरी हातमोज्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर,
आम्ही लिफ्टना शहाणपण शिकवतो:
कुठे थांबायचं, दार कधी मिटायचं,
आग लागली तर कुणाचं ऐकायचं नाही.
सगळं शहाणपण एकाच फाइलीत.
एक लाख चार हजार ओळी.
वायंगणकर सरांनी सोळा वर्षं लिहिल्या
आणि मग कुडाळला जाऊन काजू लावले.

शून्याचा एक करा, एकोणीस मिनिटं.
एकाचा परत शून्य, एकोणीस मिनिटं.
कंपायलरही सरांच्याच वेळचा.
दर वेळी पहिल्या पानापासून पोथी उघडतो,
काल काय वाचलं ते त्याच्या लक्षात नसतं.

तेवढ्या वेळात मी
खाली इंदूबाईंच्या टपरीवर कटिंग प्यायले,
विजेचं बिल भरलं,
फोनवर तीन स्थळं नाकारली,
एकदा जिन्यात बसून रडले, तोंड धुऊन वर आले,
तरी पट्टी सेहेचाळीस टक्क्यांवर.

मार्चात ठरलं, फाइल फोडायची.
‘फोडू नका, वेगळी करा,’ सर फोनवर म्हणाले.
मागे कुठेतरी पंप चालू होता.

वेगळं करणं मला नवीन नाही.
मी गोठिवलीची मढवी.
काकांची आणि बाबांची चूल वेगळी झाली
तेव्हा मी चौथीत होते.
खलबत्ता त्यांच्याकडे, तवा आमच्याकडे,
जिना दोघांचा.
भांडण झालं ते जिन्यावरून.

तर दारांची फाइल वेगळी, मोटरची वेगळी,
बटणांची, वजनाची, आगीची.
प्रत्येकीच्या उंबऱ्याशी एक छोटी हेडर फाइल,
सातबाऱ्यासारखी:
नाव आहे, हक्क आहे, काय द्यायचं काय घ्यायचं ते आहे,
जमीन तिथे नाही.
शेजारणीला तेवढं पुरतं.

पहिल्याच रात्री लिंकर अडून बसला:
‘थांबव’ नावाचं कुणी सापडत नाही.
चारशे बारा ठिकाणांहून हाका चालल्या होत्या
आणि ‘थांबव’ला मी कुठल्याच घरात ठेवलं नव्हतं.

मग निघाला ‘मजला’.
एक साधा आकडा. ज्याला वाटेल तो बदलायचा,
कुणी कुणाला विचारायचं नाही.
बघितल्याबरोबर ओळखलं, हा आमचा जिना.
तो मोटरच्या नावावर केला,
बाकीच्यांनी आता विचारून घ्यायचं.
गोठिवलीत अजून तसं झालेलं नाही.

ओळ एकाहत्तर हजार दोनशे चार. सरांची टीप:
‘आज मुलगी झाली. इथून पुढचं नीट तपासलेलं नाही.’
कंपायलर असल्या ओळी वाचत नाही.
तरी ती कुठल्या फाइलीत जावी
यात माझी आणि हेरंबची एक अख्खी दुपार गेली.
दारांच्या फाइलीत ठेवली.
पुढचं सगळं आम्ही तपासलं. एकही चूक नव्हती.

आता दाराला हात लावला तर फक्त दार.
चौदा सेकंद.
शनिवारी इंदूबाईंनी हटकलं,
‘आजारी होतीस का गं?’

काल एका मुलाचा फोन आला, उरणचा.
मी एंटर दाबलं आणि फोन घेतला.
तो अजून गावाचं नाव सांगत होता,
इकडे बिल्ड झालंसुद्धा.
स्क्रीनकडे बघत म्हटलं,
सांगा ना. वेळ आहे.