झाकणाच्या आत

डबा बिस्किटांचा. वर रंग उडालेलं जहाज,
बिजागरी सैल, एका कडेला गंज.
आयलिफ म्हणाला, औषधं यातच असतात, दरवर्षी,
आणि डिझेल भरायला धक्क्यावर निघून गेला.

मी जंगलाकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे तळं,
पोहायचं, घरी यायचं, जेवायचं.
इथे शेवटच्या बेटापासून दवाखाना तीन तास,
तेही वाऱ्याच्या मनात असेल तर.

झाकण उघडलं. आतल्या अंगाला
चिकटपट्टीने डकवलेला कागद.
अक्षर हेर्डिसचं. बारीक, उजवीकडे कललेलं,
जणू लिहितानाही होडी हलत होती.

'मळमळीच्या गोळ्या निघायच्या आधी. नंतर देऊन उपयोग नाही.
सिंद्रेकडे टक लावून बघू नये. बघितलं की ओकतो.
चिमटा, कारण ओड्नी होडीच्या काठावरून हात फिरवणारच, कितीही सांगा.
भाजलं तर गार पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून.
लोणी नाही. सासूबाई म्हणाल्या तरी नाही.
कोरडे मोजे. हेही औषधच.
आयलिफ म्हणेल, मला काही झालेलं नाही.
त्याच्यावर विश्वास ठेवू नये.'

ओट्याशी उभ्या उभ्या मी हसले,
मग मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही.

हेर्डिस आता बोडोला असते, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून बंदर दिसतं म्हणे.
मुलं एक आठवडा तिच्याकडे, एक आमच्याकडे.
वेगळे होताना दोघांनी खुर्च्या वाटून घेतल्या, सुऱ्या, दुलया,
गोठवलेला कॉडसुद्धा.
या डब्याचं नाव कुणी काढलं नाही.

मुदत संपलेल्या गोळ्या काढल्या, नव्या भरल्या,
पट्ट्या मोजल्या, आयोडीनचं बूच घट्ट केलं.
तळाशी एक पक्कड होती, तारा तोडायची.
औषधांत पक्कड कशाला, म्हणून बाहेर ठेवली.
मग, का कोण जाणे, परत टाकली.

तिसऱ्या दिवशी मॅकरेल लागले, एकामागून एक.
सिंद्रेने झोकात गळ मागे नेला
आणि तो माझ्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी.
इंजिन टक टक टक. आयलिफ सुकाणूवर, पांढराफटक.
मी ओढायला गेले.

'मागे नाही.'
ओड्नी. चार महिन्यांत
आपणहून माझ्याशी बोललेले पहिले दोन शब्द.
'पुढे ढकलायचा. टोक बाहेर आलं की काटा तोडायचा,
मग मागे.'
तिला कागद बघावा लागला नाही.
बारा वर्षांची बोटं, खवल्यांनी चमचमणारी.
आधी समुद्रात धुतली, मग आयोडीनने,
मग माझा हात गुडघ्यांत धरून
तिने ढकललं.

मी काय ओरडले ते इथे लिहीत नाही.
पक्कड कट्ट वाजली.

पट्टी बांधता बांधता तिने विचारलं,
धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी?
मला आठवेना. आयलिफला माहीत नव्हतं.
माहीत असलेलं असं या होडीत कोण असणार?

तिने झाकण मांडीवर उलटं घेतलं,
आईच्या शेवटच्या ओळीखाली बोटभर जागा शोधली,
पेन्सिलीने लिहिलं गुन्वोर, एका अक्षराची चूक करून,
पुढे धनुर्वात, पुढे प्रश्नचिन्ह.

मग भावाला दटावलं,
'तिच्याकडे टक लावून बघू नकोस.'